आमच्याकडे आर्को लिहीत नाहीत

४ तारीख, सोमवार

आज कॉम्प्युटर खिडकीतून फेकणार होते. खाली लोकांच्या सायकली असतात म्हणून वाचला.

गोडबोल्याने गेल्या आठवड्यात हे काम गळ्यात मारलं. गोडबोल्या म्हणजे आमच्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक. तोंडावर अर्थातच 'साहेब'. जुनं नृत्यनाट्य नव्याने बसवतायत. त्याचं संगीत जुन्या संगीत-संचालकांच्या हातच्या कागदांवरून कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं आणि प्रत्येक वादकाला त्याची प्रत काढून द्यायची, हे माझं नेहमीचंच काम. इतकी वर्षं तेच करतेय. आता म्हणे त्यातली तारवाद्यं कॉम्प्युटरवरच नीट वाजली पाहिजेत. नर्तकांना तालमीसाठी हवंय. "सात माणसांना रोज कशाला ताटकळत ठेवायचं? त्यांनाही जरा आराम," असं म्हणाला. त्या सातांत व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, वाजवणारी माझी सख्खी ताई आहे. म्हटलं, तेवढाच तिच्या खांद्याला आराम.

आराम गेला खड्ड्यात. पहिल्या अंकात व्हायोलिनं डब्यात कोंडलेल्या डासांसारखी वाजतायत. दुसऱ्या अंकात तर कहरच. एका जागी तारा बोटाने छेडायच्या आहेत, दोन ओळी फक्त. तिथून पुढे हे यंत्र गज हातात घ्यायलाच तयार नाही! वादळ आलं, टिंग टिंग. सैन्य आलं, टिंग टिंग. नायिका मरते तिथेही टिंग टिंग. शेवटपर्यंत बसून ऐकलं आणि सॉफ्टवेअरच्या मदतकक्षाला पत्र लिहिलं. पत्र कसलं, तोंडाला येईल ते लिहिलं.

६ तारीख, बुधवार

उत्तर आलं. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करावा.'

तळपायाची आग मस्तकात गेली. हे लोक उंटावरून शेळ्या हाकतात आणि त्याचा पगार घेतात. तरी बंद केला. सुरू केला. टिंग टिंग.

दुपारी जुने कागद काढून ओळ न् ओळ ताडून बघितली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कागदावर 'पिझ' लिहिलं की तार बोटाने छेडायची. 'आर्को' लिहिलं की परत गज. जगभर ही दोन्ही लिहितात. आमच्याकडे आर्को लिहीत नाहीत. जुने संचालक लिहायचेच नाहीत. म्हणायचे, गज कधी उचलायचा हे ज्याला सांगावं लागतं त्याने घरी बसावं. मी नवीन होते तेव्हा एकदा शहाणपणा करून लिहिलं होतं, तर वादकांतल्या सगळ्यांत वयस्कर, चेलोवाल्या आजोबांनी सगळ्यांसमोर कागद परत केला. "आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का गं?" तेव्हापासून मीही लिहीत नाही.

म्हणजे यंत्र बिचारं लिहिल्याबरहुकूम वागत होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मदतकक्षवाले म्हणू शकतात. पण त्यांना हे सुचलं नाही, तेव्हा मी माफी मागणार नाही.

संध्याकाळपर्यंत सगळीकडे आर्को टाकले. हात दुखतोय. पण नायिका आता रीतसर मरते.

७ तारीख, गुरुवार

रीतसर मरते, पण लाकडासारखी. विलापात एकच सूर लांबत जातो, हळूच सुरू होऊन वाढत वाढत छाती भरून येईपर्यंत. माझं यंत्र तो सूर सुरुवातीला जेवढा लावतं तेवढाच शेवटपर्यंत धरून ठेवतं. वाढवायची खूण कागदावर दोन फूट लांब काढलीय, तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

मदतकक्ष: 'आपण आमची नवीन आवृत्ती घेतली आहे का?' घेतलीय रे बाबा. तीच तर बोंबलतेय.

९ तारीख, शनिवार

ताईला घरी बोलावलं. व्हायोला घेऊन ये म्हटलं. ती आल्या आल्या म्हणाली, "ठिणगे, काय झालं? आवाजावरून वाटलं कोणाचा तरी खून करणार आहेस." घरात मला ठिणगी म्हणतात. का ते कधी विचारलं नाही.

"विलापातला तो लांब सूर कसा वाजवता तुम्ही?"

"कसा म्हणजे? वाजवतो."

"असं नको सांगूस गं! गज संपतो तेव्हा काय करता?"

मग ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहिली आणि वाजवू लागली. गज सगळे एकदम उलटवत नाहीत म्हणाली. एकदम उलटवला तर सुराला भेग पडते. पहिलं व्हायोलिन अर्ध्यात असताना ताई हळूच उलटवते, ती उलटवून झाली की आजोबा. कोण कधी, ते कुठे लिहिलेलं नाही. एकमेकांचे खांदे बघून कळतं. आणि सूर वाढवताना गज आधी जोरात नाही ओढायचा, आधी सावकाश घोडीकडे सरकवायचा, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीकडे. शिवाय विलापात ती सगळ्यांच्या किंचित मागून येते. "मुद्दाम?" विचारलं. "मुद्दाम नाही गं. रडणारा माणूस घाईने रडतो का?"

मी फोनवर सगळं टिपून घेतलं. परत वाजव, परत वाजव, असं किती वेळा केलं असेल. ती कंटाळली नाही. उलट गाल लाल झाले तिचे. निघताना म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंस."

लहानपणी आम्ही दोघी एकाच बाईंकडे व्हायोलिन शिकायला जायचो. बाईंनी मला दुसऱ्या वर्षी सांगितलं, तुझं अक्षर सुंदर आहे. असो. ती बाई मूर्खच होती.

१२ तारीख, मंगळवार

सापडलं! आठ दिवस मदतकक्षाने मला नाचवलं आणि शेवटी माझं मलाच सापडलं. हे सॉफ्टवेअर तारवाद्यालाही पियानोच समजतं. पियानोची पट्टी दाबली की आवाज केवढा ते त्या क्षणी ठरलं, पुढे काही करता येत नाही. गजाचं तसं नसतं, सूर चालू असताना गज आवाज वाढवतो. आत खोल कुठेतरी एक खूण होती, ती बदलली की आवाज चालू सुरात वाढतो. एक खूण! ती कुठे आहे हे सांगायला त्यांना लाज वाटत होती काय?

मग ताईने दाखवलेलं सगळं भरलं. गज उलटवायच्या जागा प्रत्येकाच्या वेगळ्या केल्या. घोडीकडे सरकताना आवाज कसा खरखरतो, तेही. चारही व्हायोलिनं अगदी एका क्षणाला सुरू होत होती म्हणून एकच वाजल्यासारखं वाटायचं. त्यांना जराजरा पुढेमागे ढकललं. आणि व्हायोला सगळ्यांच्या किंचित मागे.

लावलं. खुर्चीतून उठूनच उभी राहिले. हुबेहूब ताई! डोळे मिटले तर ओट्यापाशी उभी आहे असं वाटावं. हे मी केलंय. व्हायोलिन न वाजवता केलंय.

१४ तारीख, गुरुवार

गोडबोल्या ऐकायला आला. डोळे पुसले त्याने. खरे की खोटे देव जाणे. "तुम्ही म्हणजे आमचा हिरा आहात हो," म्हणाला. मग विचारलं, "एवढ्या मोठ्या प्रेक्षागृहात भरेल ना आवाज?"

"तालमीच्या खोलीत प्रेक्षागृह कुठून आलं?"

"नाही, आपलं सहज."

प्रेक्षागृहात सकाळपासून माणसं शिड्या लावून स्पीकर बसवतायत. माणसाएवढे. ड्रिलने डोकं उठवलं माझं. तक्रार करायला गेले तर म्हणतात, साहेबांना सांगा. यांना कामाची वेळ आणि जागा काही कळतं का? दार लावून घेतलं आणि वादळाचा भाग हाती घेतला. त्यात सगळ्यांचे गज थरथरतात आणि यंत्राचं शिवणयंत्र होतं. त्याच्याही मुसक्या बांधीन.

१५ तारीख, शुक्रवार

चेलोवाले आजोबा त्यांची प्रत घ्यायला आले. मी विलाप लावलेला होता. दारातच थांबले, पूर्ण ऐकला.

"हा चेलो माझा आहे," म्हणाले.

"तुमच्यासारखाच केलाय! ओळखलात की नाही?" मला वाटलं खूश होतील.

त्यांनी प्रत घडी करून खिशात घातली. प्रतीची घडी घालू नये हे त्यांना मी सांगायचं का? मग म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." आणि गेले.

गोडबोल्याबद्दल बोलत असणार. तोही एकेकाळी तबल्यावर बसायचा म्हणतात. पण माणसाने चांगलं झालेलं काम चांगलं म्हणावं ना? तेवढी दानत नाही. दिवसभर चिडचिड झाली. वादळ काही मनासारखं जमलं नाही.

१९ तारीख, मंगळवार

पूर्ण तालीम यंत्रावर झाली, तीही प्रेक्षागृहात, नव्या स्पीकरवर. विलाप संपला तेव्हा नर्तकी जमिनीवरून उठेचनात. एक तर हुंदके देत होती. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे! मी इथे कामाला लागल्यापासून पहिल्यांदा.

बासरीवाला, तुतारीवाले आणि ढोलवाले होते. तारवाले सातही जण नव्हते. त्यांना बोलावलंच नव्हतं. मला विचित्र वाटलं, प्रयोग तोंडावर आलाय, एकदा तरी एकत्र नको का वाजवायला? पण हे बघायचं काम माझं नाही.

गोडबोल्याला स्पष्ट सांगितलं की माझं नाव फलकावर पाहिजे. एरवी कटकट करतो, आज लगेच हो म्हणाला. 'तारवाद्य संयोजन' आणि खाली माझं नाव. प्रयोगाच्या शेवटी मंचावरही बोलावणार आहे.

ताईला फोन केला सांगायला. उचलला नाही.

२२ तारीख, शुक्रवार



सातही जणांना काल चिठ्ठ्या मिळाल्या. या नृत्यनाट्याला तुमची गरज नाही, पुढचंही कळवू. हे 'कळवू' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. ताई सकाळी आली. बसली नाही.

"एवढंच सांग, तुला माहीत होतं?"

"नाही! तुझी शपथ! तालमीसाठी म्हणाला तो!"

"आणि प्रेक्षागृहातले स्पीकर?"

"मला काय कळतंय स्पीकरमधलं!"

"तुला? तुला कळत नाही?"

मग मीही चढले. म्हटलं, माझ्यावर कसली डाफरतेस, त्या हलकटाला जाऊन विचार. ती आवाज न चढवता बोलत राहिली. मला आवाज न चढवता बोलणाऱ्यांचा जास्त राग येतो.

"तू मला ओट्यापाशी उभं करून वाजवायला लावलंस. मला वाटलं, माझी बहीण माझं वाजवणं ऐकतेय."

"ऐकतच होते!"

"नाही गं. मापं घेत होतीस."

ते ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुम्ही सगळे मंचासमोर खाली बसून टाळ्या घेता. ज्या कागदावरून वाजवता तो कोण लिहितं? एकाला तरी माहीत आहे? एकदा, एकदा माझं नाव लागतंय, तर तेही बघवत नाही तुला!

ती दाराकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे हे होतं होय," आणि निघून गेली. 'हे' म्हणजे काय ते सांगितलं नाही. मोघम बोलायची खोडच आहे तिला.

२३ तारीख, शनिवार

गोडबोल्याच्या खोलीत गेले. दार न वाजवता.

"तुम्ही खोटं बोललात माझ्याशी."

"बसा हो. पाणी घेणार? खोटं कुठे? तालमीसाठीच होतं. पण इतकं सुंदर झालं की आमचा विचारच बदलला. याचं श्रेय तुमचं."

"मी पुसून टाकीन सगळं. आत्ता."

"टाका की. आमच्याकडे प्रत आहे." गोड हसला. "आणि आता तुम्ही इतकं व्यवस्थित लिहून ठेवलंय, कोण कधी काय करतं, सगळंच. पूर्वी ते या लोकांच्या डोक्यात असायचं. त्यांच्यावाचून अडायचं. आता तुमच्या खुर्चीवर कोणीही बसलं तरी चालेल."

असं तोंडावर म्हणाला! मी बाहेर येऊन दार आपटलं. पण त्याच्या दाराला ते आपोआप मिटायचं यंत्र लावलंय, ते सावकाश, मऊपणे बंद झालं. आपटायलासुद्धा मिळालं नाही.

ठरवलंय. प्रयोगाच्या शेवटी मंचावर बोलावणार आहे ना? माईक हातात घेऊन भरल्या प्रेक्षागृहात सांगणार. हे सात माणसांचं वाजवणं आहे, त्यांच्याकडून फसवून घेतलेलं, आणि ते सात जण आज घरी बसलेत. वाक्य पाठ केलंय. होऊ दे काय व्हायचं ते. ताईला कळेल तेव्हा कळेल.

३० तारीख, शनिवार

प्रयोग झाला.

ते घरी बसले नव्हते. पहिल्या रांगेत होते. सातही जणांनी तिकिटं काढली होती. प्रयोगाचे काळे कपडे घालून, इस्त्री केलेले, मांडीवर हात ठेवून बसले होते. पडदा वर गेला तरी लोक त्यांच्याकडेच बघत होते. खाली वादकांच्या जागेत बासरीवाला, तुतारीवाले आणि ढोलवाले एका कडेला आणि बाकी रिकाम्या खुर्च्या.

यंत्र उत्तम वाजलं. कुठेही चुकलं नाही. विलापात माझ्या शेजारची बाई रडली. मी पहिल्या रांगेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. ताईचा उजवा खांदा हलत होता, गज ओढताना हलतो तसा. तिला ते कळत नसावं.

शेवटी गोडबोल्याने माझं नाव पुकारलं. वर गेले. वाक्य अगदी जिभेवर होतं. दिवे डोळ्यांवर आले आणि टाळ्या सुरू झाल्या. इतक्या टाळ्या एकदम कधी ऐकल्या नव्हत्या. खालून ऐकू येतात त्याहून वेगळ्या ऐकू येतात. माईक गोडबोल्याच्या हातात होता. मागितला असता तर दिला असता, नाही असं नाही.

मी वाकून नमस्कार केला.

टाळ्या वाढल्या म्हणून परत केला. मग पडदा पडला.

ताईला यायला कोणी सांगितलं होतं? तेही पहिल्या रांगेत? सगळ्यांच्या आधी तीच उभी राहिली टाळ्या वाजवायला, माझ्याकडे बघत, डोळ्यांत पाणी. असं समोर उभं राहिल्यावर कोणाला काय सुचेल? ती आली नसती तर मी बोलले असते. नक्की बोलले असते.

५ तारीख, गुरुवार

ताई फोन घेत नाही. भाऊजींनी घेतला आणि म्हणाले, ती शाळेत शिकवायचं काम बघायला गेलीय, आणि सध्या फोन करू नका. सध्या म्हणजे कधीपर्यंत? भाऊजी असून असं बोलतात. आजोबा रस्त्यात दिसले, पलीकडच्या फुटपाथवर गेले. सगळ्यांना राग काढायला मीच सापडले आहे. खरा चोर खोलीत बसून पाणी विचारतोय, त्याला कोणी काही बोलत नाही.

गोडबोल्याने आज बोलावलं होतं. पुढच्या नृत्यनाट्याचे कागद दिले. सहज म्हणून त्यातली बासरी लावून बघितली. शिट्टी वाजणारी किटली! दम न घेता पानभर वाजत सुटते, माणूस असता तर पहिल्या ओळीत मेला असता. असलं चुकीचं वाजलेलं मला ऐकवत नाही, कानात खिळा ठोकल्यासारखं होतं. मदतकक्षाला लिहिलं. कॉम्प्युटर बंद करून सुरू करा म्हणाले. यांना एकदा समोर उभं करून विचारलं पाहिजे.

यावेळी मात्र मी फसणार नव्हते. गोडबोल्याला तोंडावर विचारलं, हे फक्त तालमीसाठी ना? म्हणाला, "अर्थात." डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला. आता माणसाने किती संशय घ्यायचा?

बासरीवाला भला माणूस आहे. खाली वाजवणाऱ्यांपैकी माझ्याशी अजून नीट बोलणारा तो एकटाच उरलाय. तो दम कुठे घेतो, ते जुन्या कागदांत कुठेच लिहिलेलं नाही. रविवारी त्याला चहाला बोलावलंय. बासरी घेऊन ये म्हटलं.